कडेने चालवली की सेफ, असं कोण म्हणतं?

पेपर उघडला की आतल्या पानावर एक तरी अपघात असतोच आणि आठवड्यातून एखादा पहिल्या पानावर येतो. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं असलेलं आपलं एवढंसं गोवा राज्य, गाड्या आता माणसांपेक्षा जास्त झाल्यात आणि वर्षाला अडीचशेच्या वर लोक रस्त्यावर जीव गमावतात, त्यातले बहुतेक दुचाकीवरचे. अशी बातमी आली की ऑफिसात कोणीतरी मला विचारतंच, "काय रे, अजून सायकलनेच येतोस?" आणि पाठोपाठ फुकटचा सल्ला, "कडेकडेने चालव हां."

मी रायबंदरहून पणजीला रोज सायकलने येतो, सहाएक किलोमीटर. पहिलं वर्षभर हा सल्ला मी अगदी मनापासून पाळला, पांढऱ्या पट्टीच्याही बाहेरून चालवायचो, जिथे खडी, फुटक्या बाटल्या आणि शहाळ्याची सालं पडलेली असतात तिथून. त्या एका वर्षात दोनदा पडलो आणि एकदा थोडक्यात वाचलो. मग एका पोदेराने, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याने, मला एका वाक्यात माझी चूक दाखवली (ते पुढे सांगतो) आणि तेव्हापासून हे सगळं नेमकं चालतं कसं ते समजून घ्यायचा नाद लागला. समजल्यावर लक्षात आलं की आपण ज्याला घाबरतो ते वेगळंच आणि आपल्याला पाडतं ते वेगळंच.

आधी स्पीडचं गणित, म्हणजे पुढचं सोपं जाईल

समजा एक कार तासाला ३० किलोमीटरने येतेय. म्हणजे सेकंदाला साधारण सव्वाआठ मीटर. ड्रायव्हरला समोर काहीतरी दिसलं, ते काय आहे हे डोक्यात शिरलं, पाय उचलून ब्रेकवर गेला, याला दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी साडेबारा मीटर पुढे आली, अजून ब्रेक लागलेलाच नाही. मग ब्रेक लागून थांबायला आणखी पाच मीटर. झाले साडेसतरा.

आता तीच कार ६० ने. दीड सेकंदात २५ मीटर गेली. आणि ब्रेक लागल्यावरचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं, म्हणजे वीस मीटर. एकूण ४५. एकामागे एक चार कदंबा बसेस उभ्या केल्या तर होईल एवढं. पण माझ्या मते यातली खरी भीतीदायक गोष्ट वेगळीच आहे. ३० वाली कार जिथे पूर्ण थांबून उभी राहिली, त्या जागी ६० वाल्याचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलाच नसतो. तो तुम्हाला पूर्ण ६० ने धडकतो. पावसात रस्ता ओला असला तर ब्रेकचं अंतर अजून वाढतं ते वेगळंच.

म्हणूनच २०२० साली स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जगभरच्या मंत्र्यांची परिषद झाली त्यात, जिथे चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकाच रस्त्यावर असतात तिथे ३० ची मर्यादा ठेवा असं जाहीरनाम्यातच घातलं. आपल्या वाड्यांतून जाणारा जवळजवळ प्रत्येक रस्ता यात बसतो, पण तो विषय काढला तर हा लेख संपणार नाही.

"दिखा ही नहीं भैया" हे खोटं नसतं

अपघात झाला की समोरचा पहिलं वाक्य हेच बोलतो आणि आपण चिडतो, एवढा धडधाकट माणूस सायकलवर बसलाय आणि दिसला नाही? पण बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो.

घरात तुम्हाला लोणच्याची बरणी आणायला पाठवलंय, तुम्ही फ्रीज उघडून दोन मिनिटं बघताय, "नाहीये गो" म्हणून ओरडताय आणि बायको येऊन नाकासमोरची बरणी उचलून देते. डोळे उघडे होते, उजेड होता, बरणी समोर होती. पण तुमच्या डोक्यात निळं झाकण होतं आणि बरणीला पांढरं. मेंदू जे शोधत असतो तेच उचलतो. जंक्शनवर उभा असलेला कारवाला शोधत असतो कार, बस, ट्रक, म्हणजे आपल्याला ठोकू शकेल अशी मोठी वस्तू. सायकल त्या यादीतच नसते.

दुसरं म्हणजे डोळा कॅमेऱ्यासारखा सरकत नाही, उड्या मारतो. डावीकडून उजवीकडे मान फिरवली की डोळा तीन-चार ठिकाणी टेकतो आणि मधल्या उडीत मेंदूला जवळजवळ काहीच दिसत नाही, तो ती जागा अंदाजाने भरून टाकतो. ट्रक एवढा मोठा की कुठल्या ना कुठल्या टेकणीत सापडतोच, सायकल मधल्या फटीत आरामात हरवते.

तिसरं मला सगळ्यात आवडतं कारण ते फेरीबोटीवर समजतं. रायबंदर-चोडण फेरीत उभे राहा आणि मांडवीतून बार्ज (मोठी मालवाहू बोट) येत असेल तर तिच्याकडे बघा. बार्ज तुमच्या समोरच्या खांबाच्या मागून हळूहळू पुढे किंवा मागे सरकताना दिसली तर काही होणार नाही, ती पुढून जाईल किंवा मागून. पण ती खांबाच्या त्याच बाजूला चिकटल्यासारखी दिसतेय, सरकतच नाही, फक्त मोठी होतेय, तर समजायचं की दोघे एकाच ठिकाणी पोचणार. दर्यावर्दी लोक हे पिढ्यानपिढ्या जाणतात. कारच्या पुढच्या काचेच्या बाजूला जो जाड खांब असतो त्याच्या आड सायकल सहज मावते, आणि जी सायकल ठोकरेच्या रस्त्यावर आहे तीच नेमकी त्या खांबाआड शेवटपर्यंत राहते कारण ती सरकतच नाही. म्हणजे ज्याला दिसायला पाहिजे त्यालाच दिसत नाही.

चौथं ऊन. मी सकाळी रायबंदरहून पणजीकडे, म्हणजे पश्चिमेला जातो आणि संध्याकाळी उलट. दोन्ही वेळेला सूर्य माझ्या पाठीवर, मला सगळं कसं झकास दिसतं. त्यामुळेच घात होतो, कारण समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यात ऊन असतं. याला एक सोपी युक्ती आहे, तुमची सावली लांब पडून ज्या गाडीकडे बोट दाखवतेय त्या गाडीतल्या माणसाला तुम्ही दिसत नाही असं धरून चाला. विशेषतः तो उजवीकडे वळण्यासाठी थांबला असेल तर.

मग कडेला गेलं तर काय वाईट?

इथे मी तुम्हाला पोदेराकडे नेतो. गोव्यातला सगळ्यात जुना रोजचा सायकलवाला तोच. आमच्याकडे जो येतो त्याची काळी उंच सायकल, मागे पांटलो (पावाची टोपली), त्यावर निळं प्लास्टिक आणि हँडलला तो भोंगा, ज्याचा रबरी फुगा फाटलाय म्हणून त्याने जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय, तरी पोंय पोंय चालूच. एकदा गुडघा सोलून घेतलेला असताना मी त्याच्याकडून चार उंडे (गोल पाव) घेत होतो तेव्हा त्याने विचारलं कसं पडलास. मी म्हटलं बसने दाबलं. तो म्हणाला, "तूं कडेन कित्याक वता? कडेक आशिल्ल्याक कोण पळयता?" कडेच्या माणसाकडे बघतंय कोण. आणि निघाला, वाड्यातल्या रस्त्याच्या जवळजवळ मधून, वळणाच्या आधी भोंगा वाजवत, एका लाइनीत.

मला ते तेव्हा नुसतं धाडस वाटलं. मग मी एक दिवस कागदावर आकडे मांडले. दोन पदरी रस्त्याचा एक पदर धरा साडेतीन मीटर. बस अडीच मीटर रुंद. सायकलचं हँडल साठ सेंटिमीटर. मी कडेपासून तीस सेंटिमीटर सोडून चाललोय, म्हणजे माझं उजवं टोक नव्वद सेंटिमीटरवर. नव्वद अधिक अडीच मीटर, तीन मीटर चाळीस. म्हणजे मागच्या ड्रायव्हरला वाटतं की बसतंय! समोरून गाडी येत असली तरी त्याच पदरातून तो घुसवतो, आणि माझ्यात आणि बसमध्ये उरतात दहा सेंटिमीटर, त्यात बाहेर आलेला आरसा धरलाच नाही.

तेच मी कडेपासून एक मीटरवर चाललो तर त्याच्या नजरेला लांबूनच कळतं की बसत नाही. मग त्याला दोनच पर्याय, थांब किंवा पलीकडचा पदर रिकामा झाल्यावर नीट बाहेर काढून जा. शिवाय माझ्या डावीकडे मीटरभर जागा माझ्या हातात राहते, खड्डा आला, बस फारच जवळ आली, तर पळायला. कडेला चिकटलेल्याला पळायला गटारच असतं.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आठवा. तिथे जो माणूस आपल्या चालीने सरळ चालतो त्याच्या बाजूने गर्दी आपोआप फाटते. जो या बाजूला त्या बाजूला अंग चोरतो त्यालाच सगळ्यांचे धक्के लागतात, कारण तो पुढच्या क्षणी कुठे असेल हे कोणालाच कळत नाही. सायकलचंही तेच, कडेने चालणारा दर पन्नास मीटरला पार्क केलेली गाडी, खड्डा, बसलेली गाय यासाठी बाहेर येतो आणि परत आत जातो, आणि प्रत्येक वेळी बाहेर येताना मागच्याच्या पुढ्यात उगवतो.

हे तुझंच शास्त्र की काय?

नाही. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते, तिथल्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ पासून सायकलवाल्यांना साफ सांगितलंय की शांत रस्त्यावर, हळू चाललेल्या ट्रॅफिकमध्ये आणि जंक्शन जवळ आलं की पदराच्या मधोमध चाला, आणि एरवीही कडेपासून निदान अर्धा मीटर सोडा. आणि गाडीवाल्यांना सांगितलंय की सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर सोडा. आता आपला रस्ता म्हणजे लंडन नव्हे हे मलाही कळतं, पण बसची रुंदी आणि माणसाचे डोळे दोन्हीकडे सारखेच.

दरवाजा

शहरात मागून येणाऱ्या गाडीपेक्षा मला उभ्या गाडीची जास्त भीती वाटते. पणजीच्या १८ जून रोडला डाव्या हाताला गाड्यांची रांग, मी त्यांच्या बाजूने, कडेकडेने अर्थात, आणि एका कारचा उजवा दरवाजा सपकन उघडला. काळी पाटी, पिवळे नंबर, म्हणजे रेंटची. दरवाजा पूर्ण उघडला की साधारण मीटरभर बाहेर येतो आणि त्याची कड बरोबर हँडलच्या उंचीला असते. माझं हँडल अडकलं, मी उजवीकडे रस्त्यात पडलो आणि मागून येणारा पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) वेळेवर थांबला म्हणून हा लेख लिहितोय. डब्यातलं हुमण रस्त्यावर सांडलं, ते एका कुत्र्याने मी उठायच्या आत संपवलं. कारवाला उतरला तो पोरगा बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला, "दिखा ही नहीं भैया."

पार्क केलेल्या गाड्यांच्या बाजूचा हा जो मीटरभराचा पट्टा त्याला डोअर झोन म्हणतात आणि त्यात शिरायचंच नाही एवढा एकच नियम. बाजूचा आरसा बघा, त्यात तोंड दिसतंय का. ब्रेकलाइट आत्ताच विझला का. पण खरं सांगायचं तर पंचवीस गाड्यांच्या रांगेत हे सगळं बघत बसणं जमत नाही, त्यापेक्षा हँडलचं टोक गाड्यांपासून मीटरभराच्या बाहेर ठेवायचं आणि मागच्याला हॉर्न मारू द्यायचा.

कार चालवणाऱ्यांसाठी एक सोपी सवय आहे जी नेदरलँड्सच्या नावाने ओळखली जाते, दरवाजा लांबच्या हाताने उघडायचा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो म्हणजे डाव्या हाताने. करून बघा, डावा हात उजव्या दरवाज्याकडे नेला की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. काही लक्षात ठेवावं लागत नाही, शरीरच करून घेतं. माझ्या भावाला मी हे शिकवलं, आता त्याची मुलं मागच्या सीटवर त्याला ओरडतात.

मिनीबस पुढे गेली म्हणजे सुटलो असं नाही

आपल्या खाजगी मिनीबसवाल्यांची रीत सगळ्यांना माहीत आहे, तुम्हाला ओव्हरटेक करायचं आणि दहा मीटरवर कोणी हात दाखवला की कंडक्टरची शिट्टी, बस तिरकी होऊन तुमच्या पुढ्यात उभी. मी यात एकदा पडलोय. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही, पुढच्या बसच्या आधी पॅसेंजर उचलायचाय त्यांना. मी आता बस बाजूने गेली की पेडल मारणं थांबवतो, तिला वीसेक मीटर जाऊ देतो. आणि थांबलेल्या बसच्या डावीकडून, म्हणजे बस आणि कडेच्या मधून, कधीच जात नाही, तिथे लोक उतरत असतात. मागे बघून, हात दाखवून, उजवीकडून लांबून जायचं नाहीतर मागे उभं राहायचं.

ट्रक आणि मोठ्या बसचं प्रकरण याहून गंभीर. ड्रायव्हर उंचावर, उजवीकडे बसलेला. त्याच्या डाव्या बाजूला आणि बंपरच्या अगदी पुढे एवढी जागा असते की तिथे उभा असलेला माणूस त्याला आरशातही दिसत नाही, हाच ब्लाइंड स्पॉट. सिग्नलला ट्रकच्या डावीकडे फट दिसली की सायकलवाल्याला मोह होतो पुढे सरकायचा. आता दोघांनी लांब शिडी धरून घराचा कोपरा वळायचा प्रसंग डोळ्यासमोर आणा, पुढचा माणूस वळून गेला तरी शिडीचं मधलं अंग कोपऱ्याला घासतंच. ट्रकचं तसंच, पुढची चाकं वळून गेली की मागची त्याच वाटेने येत नाहीत, आतून येतात, म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथून. त्यात डावीकडे वळायला जागा हवी म्हणून तो आधी थोडा उजवीकडे घेतो आणि आपल्याला वाटतं सरळ चाललाय. ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

सर्कललाही हाच खेळ. दिव्जा सर्कलला बाहेरच्या कडेने गोल फिरत राहिलात तर मधून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी तुम्हाला कापून जाते. तिथे मी पदराच्या मधे येतो, फिरून बाहेर पडलो की परत डावीकडे.

मधे चाललो तर मागून उडवतील ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि तो बरोबर आहे. केंद्राच्या रस्ते अपघात अहवालात मागून धडक हा सगळ्यात वरच्या प्रकारांपैकी एक असतो (२०२२ मध्ये देशभरात १,६८,४९१ लोक रस्त्यांवर मेले, त्या अहवालातलंच हे). म्हणून रस्ता बघून ठरवायचं. गावात, शहरात, कॉजवेवर, जिथे गाड्या ३०-४० ने चालतात, तिथे मागच्याचं लक्ष सरळ पुढे असतं आणि पुढे मधोमध दिसणारी गोष्ट कोणी मुद्दाम ठोकत नाही. पण राष्ट्रीय महामार्ग ६६ वर रात्री ८० ने येणाऱ्या ट्रकपुढे मधे चालवणं म्हणजे वेडेपणा, वर दिलेलं ४५ मीटरचं गणित आठवा. तिथे कडेचा डांबरी शोल्डर असेल तर त्यावरून, नसेल तर दुसरा रस्ता शोधायचा.

आणि दुसरा रस्ता शोधणं हीच सायकलवाल्याची सगळ्यात मोठी सेफ्टी आहे असं माझं मत. जुने गोवेहून पणजीला यायला कदंब पठारावरचा बायपास फास्ट आहे, पण मी कधी जुने गोव्याला गेलो तरी परत रायबंदरच्या कॉजवेने येतो. १६३३-३४ मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेला, तीन किलोमीटरच्या वर लांब, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खाजन (खाडीकाठची शेतजमीन). अरुंद आहे म्हणून लोक घाबरतात, पण अरुंद आहे म्हणूनच गाड्या सांभाळून चालतात. नदीपलीकडच्या पर्वरीहून येणाऱ्यांना मांडवीवरचा अटल सेतू तसाही बंद, तिथे दुचाकी-तिचाकीला परवानगी नाही, मग खालचा जुना पूल आला. माझा एक मित्र तोही टाळतो, बेतीला जाऊन फेरीबोट पकडतो, पाचेक मिनिटं जास्त, पण त्याचं म्हणणं दिवसातली तेवढीच पाच मिनिटं त्याला कोणी हॉर्न मारत नाही.

हॉर्नचं म्हणाल तर एक लक्षात घ्या, ज्याने हॉर्न मारला त्याने तुम्हाला बघितलंय. तो चिडलेला असेल, शिव्या घालत असेल, पण तो तुम्हाला ठोकणार नाही. भीती न वाजवणाऱ्याची. आणि आपणही मागे पाच गाड्या साठवून राजासारखं चालायचं नाही, रुंद जागा आली की डावीकडे घेऊन हाताने "जा" करायचं. नव्वद टक्के लोक हात वर करून जातात, काहीजण "देव बरें करूं" (धन्यवाद) पण म्हणतात.

उलट्या बाजूने चालवलं तर समोरची गाडी दिसते की!

दिसते, पण तिला तुम्ही दिसायला वेळ उरत नाही. तुम्ही १५ ने, कार ४५ ने. एकाच दिशेने असाल तर ती तुमच्याजवळ येते ३० च्या वेगाने, उलट असाल तर ६० च्या. ड्रायव्हरला मिळणारा वेळ निम्मा. आणि बाजूच्या गल्लीतून डावीकडे वळून बाहेर येणारा फक्त उजवीकडे बघतो कारण गाड्या तिथूनच येतात. तुम्ही त्याच्या डावीकडून येताय. चालणाऱ्याने समोरून येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड करून चालावं हे खरं, कारण तो कधीही थांबून बाजूला उडी मारू शकतो. सायकलवाला नाही मारू शकत.

पाऊस

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे चार महिने हा प्रश्न आहेच. जूनची पहिली सर सगळ्यात वाईट, उन्हाळाभर साठलेलं ऑइल वर येतं आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, पुलाच्या सांध्यावरची पट्टी, यांच्यावर वळायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, सरळ काटकोनात पार करायचं. उतारावर तांबड्या मातीचा रेंदा आला असेल तर तो वाळूसारखाच. आणि साचलेल्या पाण्यात शिरायचं नाही, खाली काय आहे ते काल खोदलेल्यालाच माहीत. रिमवर लागणारे ब्रेक ओले असताना पहिली एक-दोन चक्कर पकडतच नाहीत, म्हणून लांबूनच हलके दाबून पाणी पुसून घ्यायचं.

ब्रेकवरून आठवलं, लोक भीतीने पुढचा ब्रेक वापरतच नाहीत. थांबताना सगळं वजन पुढे जातं म्हणून खरी ताकद पुढच्यातच असते, मागचा एकटा दाबला तर चाक घसरतं. दोन्ही दाबा, पुढचा हळूहळू वाढवत, अंग मागे नेत. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा हात म्हणजे पुढचा ब्रेक, एकदा चाक उचलून तपासून घ्या.

लाइट की जॅकेट?

रिफ्लेक्टर स्वतः पेटत नाही, हेडलाइटचा उजेड पडला तरच तो उजेड परत फेकतो. बाजूच्या गल्लीतून येणाऱ्याचा हेडलाइट तुमच्यावर पडतच नाही. म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल, पेटणारा लाइट हवाच, संध्याकाळी सहानंतर आणि पावसात दिवसाही. पट्टी लावायचीच तर जॅकेटपेक्षा घोट्याला लावा. पाय वर-खाली होतो आणि ती हालचाल बघितली की मेंदू लगेच ओळखतो की हा माणूस आहे, छातीवरची स्थिर चमक म्हणजे त्याला एखादा बोर्डही वाटू शकतो.

हेल्मेट कायद्याने सायकलला सक्तीचं नाही, मी घालतो. डोकं वाचवतं, अपघात टाळत नाही, एवढंच. उकडतं, हो.

कुत्रे मागे लागले तर पेडल थांबवा, बहुतेकांचा रस तिथेच संपतो. नाहीच संपला तर उतरून सायकल मधे धरा. गाईचा काही इलाज नाही, ती जिथे बसलीय तिथे बसलीय.

एवढं करून लागलंच तर

आधी १०८. कोणी अनोळखी मदतीला आला तर त्याला सांगा की घाबरू नको, जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम आलंय. मोटारीने धडक दिलेल्या जखमीला नेमलेल्या हॉस्पिटलात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार, ही केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर गंभीर जखमीला ५० हजार, मृत्यू झाल्यास घरच्यांना दोन लाख, हे एप्रिल २०२२ पासून. गाडी सापडली तर तिचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो आणि सायकलवाला म्हणजे तीच थर्ड पार्टी, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो.

या सगळ्याला लागते पोलिसांतली नोंद, नंबर प्लेटचा फोटो आणि डॉक्टरचा कागद. त्या दरवाज्याच्या वेळी पोरगा रडवेला झाला म्हणून मी "जाऊ दे रे" म्हणून सायकल ढकलत निघून गेलो. कोपराला चार टाके, पुढचं चाक नवीन, सगळं माझ्याच खिशातून गेलं आणि घरी कळलं ते डबा रिकामा का आला यावरून.